माळावरील मातीकाम आणि गवत : सोलापूर जिल्ह्यातील उतारांच्या आच्छादनाचा इतिहास

सोलापुराहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, कुंभारी हे गाव आहे. जिल्ह्याच्या बहुतेक भागाप्रमाणे येथील भूमीही दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली आहे. ओढ्यांच्या काठी खोल काळी जमीन असते. जसजसे वर जावे तसतशी ती उथळ होत जाते, आणि माथ्यावर केवळ मुरूम व त्यावर पातळ मातीचा थर एवढेच उरते. या माथ्याच्या भूमीलाच लोक माळ म्हणतात. सह्याद्रीतील कड्यांशी किंवा कोकणातील दरडींशी तुलना करण्याजोगे उतार येथे नाहीत. त्यामुळे खचणाऱ्या उतारावर पुन्हा वनस्पती लावण्याचा प्रश्न या प्रदेशात उद्भवण्याचे कारण नाही, असे प्रथमदर्शनी वाटते.

वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. सोलापूर जिल्ह्यातील तीव्र उतार निसर्गाने घडविलेले नसून मनुष्याने रचलेले आहेत. तलावांच्या भरावाच्या बाजू, शेतांतील समपातळी बांधांचे कलते अंग, चर खणून खालच्या अंगास टाकलेले मातीचे ढीग, मुरमाच्या खाणींच्या कडा, रस्त्यांचे भराव, ही सर्व येथील उताराची स्थाने होत. शेताचा नैसर्गिक उतार शेकडा एक-दोन असतो; पण त्याच शेतातील बांधाचा उतार साधारणतः दीडास एक धरतात. माती वाहून जाऊ नये म्हणून जी रचना केली, तिच्याच अंगावरून माती प्रथम वाहू लागते, असा हा विरोधाभास आहे. गेल्या दीडशे वर्षांत या जिल्ह्यात मातीकाम किती झाले याच्या नोंदी विपुल आहेत. त्या मातीवर पुढे काय उगवले याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. असे का झाले याचे उत्तर वनस्पतिशास्त्रापेक्षा दुष्काळाच्या इतिहासात अधिक सापडते.

या माळाचे मूळ आच्छादन कोणते, हे प्रथम पाहिले पाहिजे. १९७३ साली दबडघाव व शंकरनारायण या अभ्यासकांचा भारतातील गवताळ आच्छादनांविषयीचा ग्रंथ भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. त्यात दख्खनच्या पठाराचा समावेश पवन्या व मारवेल या दोन गवतांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गात केलेला आहे. पवन्या हे बहुवर्षायू गवत उथळ मुरमाड जमिनीवर वाढते. मारवेल किंचित खोल व ओलसर जागा पसंत करते. चराई बेसुमार झाली की ही दोन्ही मागे हटतात व त्यांची जागा कुसळी घेते. कुसळीच्या बियांना लांब शूक असते. हवेतील दमटपणा वाढला की त्याचा पीळ सुटू लागतो आणि बी स्क्रूप्रमाणे जमिनीत शिरते. ही युक्ती गवताच्या कामाची असली तरी मेंढपाळाच्या दृष्टीने ती आपत्तीच होय. कारण तेच बी लोकरीत व पुढे मेंढीच्या कातडीत रुतते. माळ कुसळीचा झाला म्हणजे तो बिघडला, हे धनगरास कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते. गवतांच्या जोडीला तरवड, बोर, हिवर, बाभूळ अशी विरळ झुडपे व झाडे असत. तरवडाला गुरे तोंड लावीत नाहीत, म्हणून ज्या माळावर इतर सर्व संपले तेथेही ते टिकून राहते.

दाट अरण्य या भूमीने ऐतिहासिक काळात क्वचितच पाहिले असावे. मराठेशाहीत घोड्यांच्या वैरणीसाठी सरकारी कुरणे राखली जात. याचा अर्थ, गवत हे राखून ठेवण्याजोगे उत्पन्न आहे, ही कल्पना जुन्या राज्यव्यवहारात रुळलेली होती. पुढे महसुलाच्या दप्तरात जमिनीची विभागणी पिकाऊ व पडीक अशी झाली आणि माळ पडीकात जमा झाला. एखाद्या भूमीला ‘पडीक’ म्हटले की तिच्यावर आधीपासून काही उगवत आहे ही गोष्ट विसरणे सोपे जाते.

१८७६-७७ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा भीषण रीतीने होरपळला. तत्पूर्वीच, १८६६ ते १८७१ या काळात, सोलापूरनजीक आदिला नदीवर एकरुख तलाव बांधला गेला होता, आणि मोठे मातीचे धरण या प्रदेशात उभे राहू शकते हे सिद्ध झाले होते. दुष्काळी कामांनी त्याच मार्गाचा विस्तार केला. सरकारला हजारो माणसांना काम द्यावयाचे होते. ते काम कोणालाही करता यावे, त्यास कौशल्य लागू नये, आणि संध्याकाळी त्याचे मोजमाप घेता यावे अशी गरज होती. मातीकाम या सर्व कसोट्यांस उतरते. खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली मोजली की मजुरी ठरते. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी धान्याचे प्रमाण दिवसास एक पौंडावर आणले, तेव्हा दख्खनमधील कामांवरील मजुरांनी काम सोडले. या प्रसंगावरून मोजमाप व मजुरी यांचा संबंध किती जिव्हाळ्याचा होता हे कळते. पुढील सर्व दुष्काळी व्यवस्थेचा पाया या मोजमापावरच रचला गेला.

गवताची लागवड या मोजमापात बसत नाही. गवताचे ठोंब लावण्याचे काम थोड्या माणसांचे, थोड्या दिवसांचे, आणि मुख्य म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाचे असते. दुष्काळी कामे हिवाळ्यात सुरू होत, उन्हाळ्यात शिगेला पोहोचत आणि मृगाचा पाऊस पडताच बंद होत, कारण मजूर आपापल्या शेतावर परत जाई. ज्या आठवड्यात नव्या भरावावर गवत लावावयाचे, नेमक्या त्याच आठवड्यात कामावर माणूस उरत नसे. बांध उघडा राही आणि पहिल्याच वळवाने त्याच्या अंगावर ओघळी पडत. ही कोणा एका अधिकाऱ्याची हयगय नव्हती. ती व्यवस्थेच्या वेळापत्रकातच अंतर्भूत होती, आणि ते वेळापत्रक शंभर वर्षे फारसे बदलले नाही.

गवताचे महत्त्व कोणी ओळखले नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही. १८८९ मध्ये हिंदुस्थानात आलेले जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात सरपण व वैरण यांसाठी राखीव क्षेत्रे निर्माण करावीत अशी शिफारस केली होती. शेण जाळले जाऊ नये व ते शेतात जावे, हा त्यांचा मुख्य हेतू होता. त्यांच्या सूचनेत वैरणीला सरपणाइतकेच स्थान होते. प्रत्यक्षात वनखात्याची दृष्टी १८७८ च्या वनकायद्याने घडलेली, म्हणजे लाकडाची होती. जेथे लाकूड नाही तेथे गवताचा लिलाव करण्यापलीकडे त्या खात्यास विशेष रस असण्याचे कारण नव्हते.

पुढील महत्त्वाचा टप्पा १९३३ चा. शेतीविषयक शाही आयोगाच्या (१९२६-२८) अहवालानंतर कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची योजना आखण्यात आली आणि तिच्या केंद्रांपैकी एक सोलापूर येथे सुरू झाले. ना. वि. कानिटकर यांचे नाव या कार्याशी निगडित आहे. त्यांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ साली निघाला. सोलापूरच्या केंद्रावर वाहून जाणारे पाणी व माती मोजण्यासाठी वाफे आखण्यात आले. काही वाफ्यांवर नैसर्गिक गवत तसेच ठेवले, काहींवरील आच्छादन काढून टाकले, काहींत खरीप व काहींत रब्बी ज्वारी घेतली. नैसर्गिक गवताखालील वाफ्यातून वाहून गेलेली माती इतरांच्या मानाने अगदी अल्प होती. आज हा निष्कर्ष स्वयंसिद्ध वाटेल. पण सोलापूरच्या मातीवर, सोलापूरच्या पावसात, मोजून काढलेला तो पहिला पुरावा होता.

या निष्कर्षाचे गांभीर्य समजण्यासाठी येथील पीकपद्धती लक्षात घ्यावी लागते. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा मुलूख आहे; मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ज्वारी आजही घरोघरी परिचित आहे. या ज्वारीची पेरणी पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. तोवर शेतकरी जमीन कुळवून मोकळी ठेवतो, कारण ओल धरून ठेवणे हेच त्याच्या पिकाचे भांडवल असते. परिणामी वर्षातील सर्वांत जोराचे पाऊस उघड्या जमिनीवर पडतात. अशा शेतात ज्या एका पट्ट्यावर पीक नसते व कुळवही फिरत नाही तो पट्टा बांधाचा होय. बांधावर गवत असले तर शेतातून निघालेली माती तेथे अडते. नसले तर बांध स्वतःच शेतात उतरतो.

याच सुमारास, १९३५ मध्ये, ब्लॅटर व मॅक्‌कॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे कोणते गवत कोठे वाढते याचे शास्त्रीय वर्णन आणि गवतामुळे माती किती वाचते याचे मोजमाप या दोन्ही गोष्टी दोन-चार वर्षांच्या अंतराने उपलब्ध झाल्या. परंतु त्यांची सांगड घालून, माळावरील देशी गवते बांधांच्या उतारावर पद्धतशीरपणे लावण्याचा व्यापक कार्यक्रम मात्र निघाला नाही.

निघाले ते मातीकाम. १९४२ साली मुंबई सरकारने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला. त्याच वर्षी विजापूर भागात दुष्काळ पडला आणि बांधबंदिस्तीच्या कामांना दुष्काळी मजुरीची जोड मिळाली. या कायद्याखाली पुढील दोन-तीन दशकांत सोलापूर, विजापूर व लगतच्या जिल्ह्यांत समपातळी बांधांचे जाळे पसरले, आणि त्याच्या खर्चाचा वाटा खातेदारांकडून वसूल होऊ लागला. हलक्या व मध्यम जमिनीत हे बांध उपयोगी ठरले. खोल काळ्या जमिनीत मात्र अडचणी निर्माण झाल्या. काळी माती उन्हाळ्यात फाटते. बांधही त्याच मातीचा असल्याने तोही फाटतो आणि पावसाळ्याच्या आरंभी भेगांतून पाणी शिरून फुटतो. फुटला नाही तर त्याच्या वरच्या अंगास पाणी साचून पीक पिवळे पडते. पुढे अशा जमिनींसाठी किंचित ढाळ दिलेल्या बांधांची शिफारस करावी लागली.

बांधावर गवत का लावले गेले नाही, याचे खापर शेतकऱ्याच्या अज्ञानावर फोडण्याची प्रथा जुनी आहे. ती न्याय्य नाही. या प्रदेशातील शेतकऱ्याचे गवताशी पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर आहे आणि त्या वैराला कारण आहे. कुंदा व हराळी ही दोन गवते काळ्या जमिनीत खोलवर मुळे व खोड पसरवितात. एकदा ती शेतात शिरली की साध्या नांगराने निघत नाहीत, आणि उन्हाळ्यात माणसे लावून जमीन खणून काढावी लागते. अशा शेतकऱ्यास बांधावर गवत लावण्यास सांगणे म्हणजे घराच्या उंबऱ्यावर चोराला जागा देण्यास सांगण्यासारखे होते. पवन्या व मारवेल ही झुबकेदार वाढणारी गवते कुंदा-हराळीच्या रीतीने जमिनीखालून शेतात घुसत नाहीत, हा भेद त्याला पटवून द्यावयास हवा होता. तसा प्रयत्न तुरळकच झाला. दुसरी अडचण मालकीची होती. सामाईक बांधावरील गवत कोणी कापावयाचे यावरून भाऊबंदकीत तंटे होतात. उघडा बांध निदान भांडण तरी लावीत नाही. शिवाय नांगराचे प्रत्येक तास बांधाकडे थोडे सरकते व काही वर्षांत बांधाची रुंदी निम्म्यावर येते. हे तर सर्वपरिचितच आहे.

१९७२-७३ च्या दुष्काळाने जुन्या व्यवस्थेची पुनरावृत्ती अधिक मोठ्या प्रमाणावर केली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख मजूर होते. ताली, नाला-बांध, पाझर तलाव, रस्ते, खडी यांची कामे गावोगाव निघाली. याच अनुभवातून रोजगार हमी योजना स्थिर झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तो १९७९ पासून अंमलात आला. या योजनेने माणसे जगविली. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु हजेरीपट व घनफळ यांचा हिशेब तोच राहिला. पाझर तलावाच्या भरावाचे माप पुस्तकात चढले की काम पूर्ण होई. त्या भरावावर गवत रुजले की नाही, हे नोंदविण्यास त्या पुस्तकात रकानाच नव्हता.

हिरवळीचा विचार पुढे आला तोही झाडांच्या रूपाने. १९८२ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचे खाते निघाले, १९८५ मध्ये केंद्रात राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळ स्थापन झाले, आणि माळ हे वृक्षारोपणाचे हक्काचे क्षेत्र ठरले. त्यासाठी निवडलेल्या जातींत गिरिपुष्प, सुबाभूळ व निलगिरी या परदेशी झाडांचा भरणा होता. मूळच्या मध्य अमेरिकेतील गिरिपुष्पाची निवड अविचाराने झाली, असे नाही. ते फांदीपासून येते, अवर्षणात तगते, गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत आणि त्याचा पाला हिरवळीचे खत म्हणून उपयोगी पडतो. जगलेल्या रोपांची टक्केवारी हीच ज्या कामाची कसोटी, त्या कामास याहून सोयीचे झाड मिळणे कठीण. दोष असेल तर तो कसोटीत होता. दाट लावलेल्या गिरिपुष्पाखाली देशी गवत विरळ होते. जमीन वरून हिरवी दिसते व खाली उघडी पडत जाते. उतारावरील माती धरणारी मुळे वरच्या वीतभर थरातील, तंतुमय व दाट असावी लागतात. पानगळीच्या झाडाची दोन-तीन मीटरांवर असलेली मुळे ते काम करू शकत नाहीत. वेडी बाभूळ तर कोणी न लावता पसरली. १८७७ च्या सुमारास ती मद्रास इलाख्यातून हिंदुस्थानात शिरली, आणि आज सोलापूर भागातील ओढे, तलावांचे भराव व खाणींच्या कडा यांवर तिचेच राज्य दिसते. खचलेल्या उतारावर प्रथम येणारी वनस्पती म्हणून तिचा उपयोग नाकारता येत नाही. मात्र एकदा आली की ती दुसऱ्या कोणास येऊ देत नाही.

या इतिहासात नान्नजचे प्रकरण विशेष बोधप्रद आहे. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज परिसरात १९७० नंतरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली माळाचे काही तुकडे कुंपण घालून राखण्यात आले. उद्देश वैरणीचा व मृदसंधारणाचा होता. चराई थांबताच गवत परतले, आणि गवताबरोबर माळढोक पक्ष्याचे अस्तित्व लक्षात आले. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर धरले होते. एवढ्या क्षेत्रात शेते, गावे, किंबहुना शहरेही आली. लोकांचा रोष वाढला आणि २०१० नंतरच्या दशकात ते सुमारे १,२२३ चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. माळढोक आता तेथे दिसणे जवळजवळ थांबले आहे. त्याची कारणे अनेक आहेत, आणि ती सर्व गवताशी निगडित नाहीत. परंतु या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, राखलेल्या तुकड्यांपैकी काहींत गिरिपुष्पासारखी झाडेही लावली गेली. मोकळा माळ हेच ज्याचे घर, त्या पक्ष्यासाठी झाडांच्या रांगा उपकारक नव्हत्या. पुढे ही झाडे काढून टाकण्याचा विचार करावा लागला. कुंपण व संयम या दोनच साधनांनी जेथे गवत आपोआप आले होते, तेथे लागवडीने ते कमी केले.

समपातळी चरांच्या कामातही हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. माळाच्या उतारावर ठराविक अंतराने साठ सेंटिमीटर रुंदीचे चर खणतात व निघालेली माती खालच्या अंगास रचतात. पाणी मुरविण्याचे हे उत्तम साधन आहे, आणि हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदीची जोड देऊन त्याचे फळ दाखविले आहे. मात्र जेथे गवताची गादी शाबूत आहे तेथे चर खणणे म्हणजे शिवलेले वस्त्र फाडून ठिगळ लावण्याचा प्रकार होय. मातीच्या त्या ढिगांवर पुष्कळ ठिकाणी ‘हमाटा गवत’ पेरले गेले. नावाने गवत असले तरी हमाटा ही कॅरिबियन प्रदेशातील द्विदल वनस्पती आहे. ती चारा म्हणून चांगली आहे, पण तिच्या मुळांची ठेवण गवताची नाही. जुलै २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी असे वृक्षलागवडीचे संकल्प राज्याने जाहीर केले. पवन्याचे ठोंब किती लावावयाचे, याचा आकडा अशा संकल्पांत असणे शक्यच नव्हते, कारण संकल्प वृक्षांचा होता.

दरम्यान कुंभारीचा माळ नव्या रीतीने हलला. २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेल्या दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीचे लोकार्पण झाले, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी रे नगर या तीस हजार घरांच्या प्रकल्पातील पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा असंघटित कामगारांना देण्यात आला. ज्यांच्या वाडवडिलांपैकी अनेक जण दुष्काळाने गाव सोडून सोलापूरच्या गिरण्यांत व विडीच्या धंद्यात आले, त्यांना माळावर हक्काचे घर मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. एवढी वस्ती वसविताना मुरूम तोडावा लागतो, भराव घालावे लागतात, पाण्याचे जुने मार्ग वळवावे लागतात. म्हणजे नवे उतार तयार होतात. हे उतार दुष्काळी कामाचे नाहीत, त्यामुळे पावसाळा लागताच माणसे निघून जाण्याचा जुना अडसर तेथे नाही.

असे उतार देशी गवताने झाकण्याची रीत अवघड नाही. भराव पायऱ्या-पायऱ्यांनी चोपून घ्यावयाचा, वरचा वीतभर मातीचा थर आरंभीच बाजूला काढून ठेवला असल्यास तो पुन्हा पसरावयाचा, आणि पहिल्या दमदार पावसानंतर मारवेलचे ठोंब आडव्या ओळींत, एका ओळीतील फट दुसऱ्या ओळीने झाकली जाईल अशा रीतीने लावावयाचे. कोरड्या माथ्यावर पवन्याचे बी मातीत कालवून फेकावयाचे. पायथ्याशी तरवड, मध्ये विरळ हिवर व बोर. दोन पावसाळे शेरडे-मेंढरे दूर ठेवली की उतार धरला जातो. तिसऱ्या वर्षापासून कापून नेण्यास हरकत नाही.

अडचण बियाण्याची आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले मारवेलसारखे वाण तयार केले आहेत. परंतु त्यांची निवड शेतातील वैरणीच्या उत्पादनासाठी, म्हणजे बऱ्या जमिनीसाठी व पाण्याच्या सोयीसाठी झालेली आहे. मुरमाड उतारावरील पवन्याचे बी बाजारात सहजी मिळत नाही. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तुरे पिकल्यावर व गळण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांत, हाताने ओरबाडून गोळा करावे लागते. त्यासाठी जिल्ह्यात जी ठिकाणे उरली आहेत ती म्हणजे नान्नजसारखी राखीव कुरणे, काही गावांची गायराने आणि शेतकऱ्याने न मोडलेले जुने बांध. यांपैकी गायरानांचे क्षेत्र अतिक्रमणाने व सार्वजनिक बांधकामाने घटत आहे, आणि यंत्राच्या नांगराला जुना बांध मोडण्यास एक सकाळ पुरते.